डेअरीच्या वहीत न दिसणारा नफा

आमच्या गावात दूध सोसायटीची वार्षिक सभा भरली की एक प्रश्न हमखास येतो. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, "डेअरीनं आम्हाले काय दिलं?" मग अध्यक्ष ताळेबंद वाचून दाखवतात. इतका नफा, इतका राखीव निधी, इतका लाभांश. लाभांशाचा आकडा ऐकून माणसं एकमेकांकडे बघतात, कारण तेवढ्यात ढेपेचं एक पोतंही येत नाही. सभा संपते, चहा होतो, आणि प्रश्न पुढच्या वर्षासाठी शिल्लक राहतो.

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला, पांझरा नदीच्या काठचा. हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलोय. पुढे अर्थशास्त्र शिकलो, शिकवायला लागलो, आणि मग कळलं की आपण सगळे उत्तर भलत्याच वहीत शोधत होतो. सहकारातून जो फायदा निर्माण होतो त्यातला मोठा भाग सोसायटीच्या ताळेबंदात कधी उतरतच नाही. तो दुसरीकडे जातो. कुठे जातो आणि का जातो, हे जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

आधी तो येतो कुठून ते बघू. रावेर-यावलकडची केळी घ्या. घड झाडावर आहे तोवर शेतकरी चार दिवस थांबू शकतो. घड कापला की थांबणं संपलं. व्यापाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. बांधावर ट्रक उभा करून त्याने भाव पाडला, तर बागायतदार "राहू दे, नेऊ नको" म्हणू शकत नाही. त्यातून रावेरकडचा भाव वर्षानुवर्षं बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे बघून ठरत आलेला. आपला माल, आपलं रान, आणि भाव ठरणार दुसऱ्या राज्यातल्या मंडीत.

आता दुसरी बाजू. दिल्लीला केळीला गिऱ्हाईक आहे, आणि रेल्वेने माल स्वस्तात जातो. पण आख्खी मालगाडी भरायची म्हणजे चाळीसेक डबे. एकट्याची बाग, ती कितीही मोठी असो, इतका माल एका दिवशी देऊ शकत नाही. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून केळीच्या गाड्या दिल्लीकडे गेल्या त्या बागायतदारांनी एकत्र येऊन मंडळं काढली, कापणीच्या पाळ्या लावल्या, तेव्हाच. गाडीचा खर्च एकदाच येतो, तो शंभर जणांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येतो. अर्थशास्त्रात याला मोठ्या प्रमाणाचा फायदा म्हणतात. दुसरा फायदा याच्याही आतला आहे. दिल्लीचा रस्ता उघडा आहे म्हटल्यावर बांधावरच्या व्यापाऱ्यासमोर बागायतदाराचा आवाज बदलतो. त्याने एकही घड गाडीत चढवला नाही तरी बदलतो, कारण आता तो "नेऊ नको" म्हणू शकतो.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबून दुधाचा हिशेब मांडतो. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

समजा एका गावात रोज १,००० लिटर दूध निघतं. एकच व्यापारी आहे, तो लिटरला ३० रुपये देतो. गावात डेअरी निघाली, ती ३४ देऊ लागली. ४०० लिटर डेअरीकडे गेलं. उरलेलं ६०० लिटर हातचं जाईल या भीतीने व्यापाऱ्याने भाव ३३ केला. आता फायदा मोजू. डेअरीला दूध घालणाऱ्यांना रोजचे १,६०० रुपये जास्त मिळाले. व्यापाऱ्याकडे घालणाऱ्यांना १,८०० रुपये जास्त मिळाले. म्हणजे डेअरीमुळे गावात रोज ३,४०० रुपये जादा आले, आणि त्यातला अर्ध्याहून मोठा हिस्सा अशा लोकांकडे गेला ज्यांनी डेअरीत कधी पाऊलही ठेवलं नाही. सभेत वाचल्या जाणाऱ्या ताळेबंदात या ३,४०० पैकी एक रुपयाही नफा म्हणून दिसत नाही, कारण डेअरीने तो नफा म्हणून ठेवलाच नाही, भाव म्हणून आधीच देऊन टाकला.

मागच्या रांगेतून प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा व्यापाऱ्याकडेच दूध घालणारा असतो. त्याला मिळणारा ३३ चा भाव हा डेअरीने त्याला दिलेला आहे. त्याला ते दिसत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण पैसे तर व्यापाऱ्याच्या हातून येतात.

अशा पसरणाऱ्या फायद्याला अर्थशास्त्रात बाह्य लाभ म्हणतात. व्यवहार दोघांचा, लाभ तिसऱ्याला. भावाच्या बाबतीत सहकारी संस्था मापदंडाचं काम करते. संस्थेने किती माल घेतला याला फार महत्त्व नाही, ती तिथे उभी आहे याला आहे. दुधाचं फॅट मोजणारं यंत्र गावात आलं तेव्हाही असंच झालं. आधी सगळं दूध एकाच मापाने जायचं, त्यामुळे पाणी घालणारा आणि न घालणारा सारखेच. चांगल्या दुधाला भाव नाही तर चांगलं दूध कोण घालील? जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन नेमकं हेच दाखवलं होतं की माल पारखता येत नसेल तर खराब माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. डेअरीच्या टेबलावरचं ते यंत्र हे त्याचं साधंसं उत्तर होतं, आणि एकदा लोकांना फॅट कळायला लागल्यावर व्यापाऱ्यालाही फॅट बघूनच पैसे द्यावे लागले.

पण हा पसरण्याचा गुणच सहकाराच्या मुळावर येतो.

डेअरीत जायचं म्हणजे शेअर घ्यायचा, सभेला जायचं, दहा दिवसांच्या पगाराची वाट बघायची, कधी संचालकाशी भांडायचं. व्यापारी ३३ देतो आणि वर बैल घ्यायला उचलही देतो. मग एक रुपयासाठी एवढा व्याप कशाला? असा विचार एकाने केला तर काही बिघडत नाही. चारशे लिटरवाल्या सगळ्यांनी केला तर डेअरी बंद पडते, आणि महिन्याभरात भाव पुन्हा ३०. त्याहून वाईट म्हणजे व्यापाऱ्याला हे गणित आपल्यापेक्षा आधी कळतं. तो चार महिने ३५ देतो, तोटा खातो, डेअरीचं दूध आटवतो. पस्तीस घेताना गाव खूष असतं. सहकाराचा फायदा सगळ्यांना मिळतो, खर्च मात्र थोडेच उचलतात, आणि ते थोडे एक दिवस थकतात.

याच पेचाचं आणखी सोपं रूप पाटाच्या साफसफाईत दिसतं. दहा शेतकरी एका पाटावर आहेत असं धरा. पाटातला गाळ काढायला प्रत्येकाने एक दिवस द्यायचा. त्या दिवसाची मजुरी ५०० रुपये. एका माणसाच्या एका दिवसाच्या कामाने जे जास्तीचं पाणी येतं त्याचा फायदा १,००० रुपये, पण तो दहाही जणांत सारखा वाटला जातो, प्रत्येकी १००. सगळे आले तर प्रत्येकाला १,००० मिळतात, ५०० जातात, हातात ५०० उरतात. मी घरी बसलो आणि बाकी नऊ जण गेले, तर मला फुकटात ९०० मिळतात. म्हणजे गेलो तर ५००, न गेलो तर ९००. प्रत्येकाने हाच हिशेब केला तर पाट तुंबलेला राहतो आणि सगळ्यांच्या हातात शून्य. कुणीही मूर्ख नाही, कुणी दुष्टही नाही, तरी गावाचं नुकसान होतं.

अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली एका गाजलेल्या लेखात सामायिक कुरणाचं उदाहरण देऊन म्हटलं की सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, म्हणून ते उजाड होणार. उपाय दोनच, एक तर सरकारने ताब्यात घ्यावं किंवा खाजगी मालकी करावी. पुढची कितीतरी वर्षं जगभरची धोरणं याच समजुतीवर बेतली गेली.

त्या लेखाच्या किमान अडीचशे वर्षं आधीपासून पांझरेच्या काठी एक तिसरी वाट चालू होती. तिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

माझ्या आजोबांची जमीन साडेचार एकर, पण एका जागी नव्हती. एक तुकडा गावाजवळ, एक पाटाच्या मध्यावर, एक पार शेवटाला. लहानपणी मला हे भयंकर वेडेपणाचं वाटायचं. औत घेऊन तीन ठिकाणी फिरायचं, डबा तीन ठिकाणी न्यायचा. शाळेत शिकवलं जायचं की तुकडे म्हणजे मागासलेपण. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामागेही जमीन एकत्र असावी हाच विचार होता, आणि कोरडवाहूसाठी तो बऱ्याच अंशी बरोबरही आहे. आमच्याकडे मात्र तुकडे हाच विमा होता. आमची पद्धत फडाची.

फड पद्धत धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम, गिरणा अशा नद्यांच्या खोऱ्यांत सुमारे ३०० वर्षं चालत आली. नदीवर दगडी बंधारा. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या. पाटाखालच्या गावच्या सगळ्या जमिनीचे तीन किंवा चार भाग पाडलेले, प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक. एकात ऊस, एकात गहू-हरभरा, एखादा पावसाळी पिकाला. पुढच्या वर्षी पिकं फिरतात. आणि यातली मेख अशी की बहुतेक प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असतो.

या एका मांडणीने किती प्रश्न सुटतात बघा. एका फडात सगळीकडे ऊस, म्हणजे सगळ्यांना पाणी एकाच वेळी आणि सारखंच लागणार. "माझं पीक वेगळं, मला जास्त पाणी द्या" हे भांडण मुळात निघतच नाही. पाणी एका सलग पट्ट्यात फिरतं, चार ठिकाणी वळवावं लागत नाही, वाटेत मुरणं कमी. राखण एकत्र होते, उसाच्या फडाला एक राखणदार पुरतो.

खरी परीक्षा दुष्काळात. बंधाऱ्यात पाणी कमी आहे, चारही फड भिजणार नाहीत. इतर कुठल्याही कालव्यावर काय होतं ते आपण पाहतो, हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेला शेतकरी भिजवून घेतो आणि टेलचा, म्हणजे शेवटाचा, आभाळाकडे बघतो. फडात पंच बसतात आणि ठरवतात की या साली दोनच फड भिजवायचे. चारांपैकी दोन फड कोरडे ठेवले तर प्रत्येकाचे त्या दोन फडांतले तुकडे कोरडे राहतात. टंचाई जमिनीच्या प्रमाणात सगळ्यांना वाटली जाते. ठरवणाऱ्या पंचाचाही तुकडा कोरडा राहतो. म्हणूनच त्याचा निर्णय लोक ऐकतात.

गावात एका म्हाताऱ्या पाटकऱ्याकडे मी हे समजून घ्यायला गेलो होतो. तो अहिराणीत एवढंच म्हणाला, "पानी सगळास्नं शे, भाऊ. मी फक्त वळावस." पाटकरी म्हणजे चाऱ्यांमधून पाणी वळवणारा माणूस. फडात शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेताला पाणी घ्यायचंच नाही, पाटकरी देईल तेव्हा आणि देईल तेवढं. त्याच्या जोडीला राखणीचा जागल्या, वर देखरेखीला हवालदार. यांना मजुरी रोख नसायची. पीक निघालं की प्रत्येक शेतकरी त्यांना धान्याचा ठरलेला वाटा द्यायचा. पीक बुडालं तर पाटकऱ्याचंही बुडणार, त्यामुळे शेवटच्या तुकड्यापर्यंत पाणी पोचवण्यात त्याचा स्वतःचा घास गुंतलेला.

आणि तो गाळाचा पेच? हंगामापूर्वी पाट साफ करायला प्रत्येकाने जमिनीच्या प्रमाणात श्रम द्यायचे. घरी बसणारा सगळ्यांना दिसतो, पाणी देणं पंचांच्या आणि पाटकऱ्याच्या हातात आहे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच पाटावर, त्याच माणसांच्या समोर उभं राहायचं आहे. ९०० रुपयांचा फुकटा फायदा एका वर्षाचा, त्यासाठी पुढची तीस वर्षं कोण घालवील?

या "पुन्हा भेटायचं आहे" मध्ये मोठं अर्थशास्त्र आहे. १९८० च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या अमेरिकी अभ्यासकाने संगणकावर एका खेळाची स्पर्धा घेतली, दर डावाला समोरच्याशी सहकार्य करायचं की त्याला दगा द्यायचा एवढंच त्यात ठरवायचं. वेगवेगळ्या तज्ज्ञांनी आपापल्या युक्त्या पाठवल्या, त्या एकमेकींशी पुन्हा पुन्हा खेळल्या. जिंकली ती सगळ्यात साधी युक्ती, अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेली. तिचा नियम असा की सुरुवात सहकार्याने करा, नंतर समोरचा जसा वागेल तसे वागा. म्हणजे आपलं जशास तसं, फक्त पहिलं पाऊल चांगुलपणाचं. सातपुड्यातल्या भिल-पावरा पाड्यांवर लाह म्हणतात तेही याच जातीचं. कुणाचं घर उभं करायचं असलं की पाडा गोळा होतो, मजुरी कुणी घेत नाही, जेवण एकत्र होतं, आणि ज्याने मदत घेतली तो पुढच्या वेळी इतरांकडे जातो. न गेलेला कुणी विसरत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी नेमकं हेच जगभर हिंडून तपासलं. स्पेनमधले जुने पाट, नेपाळमधले शेतकऱ्यांचे कालवे, स्वित्झर्लंडची कुरणं, फिलिपाइन्समधल्या पाणीवाटपाच्या संस्था. त्यांना दिसलं की हार्डिन म्हणतात तसं सगळीकडे उजाड होत नाही. लोकांना आपले नियम आपण ठरवता येत असतील, कोण सभासद आणि कोण नाही हे स्पष्ट असेल, देखरेख करणारा माणूस लोकांना जबाबदार असेल आणि चुकणाऱ्याला आधी लहान, मग मोठी शिक्षा असेल, तर सामायिक गोष्ट शतकानुशतकं टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांची बातमी वाचली त्या रात्री मला आजोबांचे तीन तुकडे आठवले आणि झोप लागली नाही.

फड आता बऱ्याच ठिकाणी मोडकळीला आलेत. नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, पांझरेवर लाटीपाडा झालं, नंतर अक्कलपाडा. नदीचं पाणी कधी येणार हे गावच्या हातात राहिलं नाही. विहिरी आल्या, मोटारी आल्या. ज्याच्याकडे मोटार आहे त्याला पंचांची गरज उरत नाही, आणि तो बाहेर पडला की पाट साफ करणाऱ्यांत एक माणूस कमी होतो. मग दुसरा. फड संपवायला कुणी शत्रू आला नाही. माणसांना एकमेकांची गरज उरली नाही, इतकंच घडलं.

आता कागदावरच्या सहकाराकडे येऊ. ही कल्पना इंग्लंडातल्या रॉचडेल गावातून आली. १८४४ साली तिथल्या २८ जणांनी, त्यात बरेच विणकर, आपलं दुकान काढलं, आणि नफा वाटायचा तो भांडवलाच्या नव्हे, खरेदीच्या प्रमाणात असं ठरवलं. आपल्याकडे पहिला कायदा १९०४ साली झाला, महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६० चा. त्यातल्या तीन गोष्टी सभासदाला ठाऊक असायला हव्यात. एक सभासद, एक मत, शेअर कितीही असोत. निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो. आणि लाभांश साधारणपणे १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. सभेत लाभांशाचा आकडा लहान का असतो, याचं एक उत्तर कायद्यातच आहे. शेअरवर पैसा कमावण्यासाठी हे घर बांधलेलंच नाही.

हा फरक खान्देशाइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्याची एक कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी तिचे थोडेसे शेअर घेतले आणि विकले नाहीत, त्यांच्या हाती पुढे मोठी संपत्ती आली. त्याच काळात कुणी गावच्या सोसायटीचा शेअर घेतला असेल तर त्याची दर्शनी किंमत आजही तेवढीच आहे. मग सोसायटीवाला फसला का? कंपनीचा फायदा शेअर धरून ठेवणाऱ्याकडे गोळा होतो, आणि ज्याने शेअर घेतला नाही त्या शेजाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. सोसायटीचा फायदा वापरणाऱ्याकडे जातो, थोडाथोडा, दर हंगामाला. वेळेवर मिळालेलं पीककर्ज, सावकाराकडे गहाण न टाकावी लागलेली गळ्यातली पोत, लिटरमागे चार रुपये. तो साठत नाही म्हणून दिसत नाही. दोन्हीची जात वेगळी आहे, एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजलं की निराशाच पदरी येते.

सहकाराचं सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या मावशीने शिवणकाम करून जमवलेली पुंजी एका पतसंस्थेत ठेवली होती. संस्था बुडाली. मावशी कित्येक वर्षं पासबुक घेऊन हेलपाटे घालत राहिली, आणि आजारपणात ते पैसे तिच्या कामी आले नाहीत. हे आठवलं की अजून घशाशी येतं. तिथे काय चुकलं ते फडाशेजारी ठेवून पाहा. फडाच्या पंचाचा तुकडा कोरडा राहत होता. तिथे कर्ज मंजूर करणाऱ्यांचं स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. मावशी नाममात्र सभासद होती, आणि नाममात्र सभासदाला कायद्याने मत नसतं. पैसे तिचे, निर्णय दुसऱ्यांचा, आणि देखरेख करणारं कुणी नाही. वाचणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. सहकारी बँकेतल्या ठेवींना ठेव विम्याचं संरक्षण आहे, २०२० पासून पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. दोन्हींवर सहकारी लिहिलेलं असतं, म्हणून माणसं फसतात. ठेव ठेवण्याआधी आपण मताचे सभासद आहोत की नाममात्र, हे विचारायला लाजू नका.

फायदा चांगल्या वाटेनेही पसरतो, आणि तोही साक्री तालुक्यातच बघायला मिळतो. बारीपाडा हा आदिवासी पाडा. एके काळी इथलं जंगल तुटून गेलेलं, बायकांना पाण्यासाठी लांब जावं लागायचं. चैत्राम पवार यांनी गावाला गोळा केलं, नियम बसवले, पाळीने राखण सुरू झाली, आणि सुमारे १,१०० एकर जंगल पुन्हा उभं राहिलं. २०२५ साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. अर्थशास्त्राच्या नजरेने मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते पाण्याचं. डोंगरावर मुरलेलं पाणी बारीपाड्याची हद्द बघून थांबत नाही. ते खालच्या गावांच्या विहिरींना येतं. कष्ट एका पाड्याचे, पाणी अनेकांना, आणि बघून बघून आसपासच्या गावांनीही जंगल राखायला घेतलं. नियम कसे करायचे ही माहितीसुद्धा पाण्यासारखीच खाली झिरपते, आणि ती दिल्याने कमी होत नाही.

पण सहकाराचा फायदा जिथे येऊन थांबतो अशी एक हद्द आहे, आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. दिवाळी झाली की नवापूर, नंदुरबार, साक्रीच्या पाड्यांवर ट्रक लागतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं घेऊन घरंच्या घरं दक्षिण गुजरातकडे ऊसतोडीला निघतात. ज्यांच्यासाठी ते तोडतात त्यातले बरेच कारखाने सहकारी आहेत, चांगल्या भावासाठी नावाजलेले. ऊस पिकवणारा तिथे सभासद आहे, त्याला मत आहे, उसाच्या भावात कारखान्याच्या कमाईचा वाटा आहे. कोयता चालवणारा सभासद नाही. त्याच्या अंगावर मुकादमाची उचल आहे आणि मजुरी टनावर. साखरेचा भाव चढला तर सभासदाचं बिल वाढतं, टनाचा दर तोच राहतो.

म्हाताऱ्या पाटकऱ्याकडे बसलो होतो तेव्हा मी त्याला विचारलं होतं, स्वतःची जमीन किती. तो म्हणाला, अजिबात नाही, कधीच नव्हती. तरी दर हंगामाला प्रत्येक खळ्यावरून त्याच्या घरी धान्य यायचं, चांगल्या साली जास्त, वाईट साली कमी, जमीनवाल्यांना जसं येई तसंच. बोलता बोलता तो उठला आणि आतून एक पायली आणून दाखवली. लाकडी, कडेला झिजलेली. गहू त्याच मापाने यायचा.